कच्च्या चित्रातले हात

मास्तर लोसोया पहिल्यांदा फ्रोसिनाच्या टपरीवर आले तेव्हा त्यांनी दोन पाम्बासो मुकाट्याने संपवले, तिसरा हातात घेतला आणि खायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. फ्रोसिनाचा पाम्बासो हातात घेऊन कुणी खायचं विसरलं, असं विणकर संघटनेच्या दारात आजवर झालं नव्हतं. पिठाने माखलेला मऊ पाव, आत वाटलेला घेवडा आणि धुरावलेल्या लाल मिरचीचा ठसका. पाळी सुटली की गिरणीतले लोक त्यासाठी रांग लावत.

"तोंडाला काही लागलंय का माझ्या?" तिने विचारलं.

"नाही. तोंडच हवंय मला तुमचं. भिंतीसाठी."

"न्या की मग. नवरा गेल्यापासून इथे कुणाला लागतंय ते."

ओरिसाबा गावात त्या भिंतीबद्दल माहीत नसलेला माणूस सापडला नसता. संघटनेच्या नव्या इमारतीत जिन्याशेजारी एक भिंत खालपासून छतापर्यंत कोरी सोडली होती. तिच्यावर गिरणीतल्या मोठ्या संपाचं चित्र काढायला राजधानीतून मास्तर आले होते. साठीला टेकलेले, बारीक चणीचे, कोटाच्या दोन्ही खिशांत कोळशाचे तुकडे. उभी हयात त्यांनी दुसऱ्या मोठ्या चित्रकारांच्या परांचींवर चढून त्यांची आभाळं आणि घोडे रंगवण्यात घालवली होती. संपूर्ण भिंत त्यांना एकट्याला मिळाली ती आत्ता, म्हणून ते घाई करत नव्हते. भिंतीला हात लावायच्या आधी एकेका माणसाचं, एकेका हाताचं, एकेका मागाचं वेगळं चित्र लाकडी फळ्यांवर रंगवून घेत होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत या फळ्या ओळीने टांगलेल्या असत. लोक त्यांना 'कच्ची चित्रं' म्हणत, आणि पाळी सुटल्यावर ती बघायला वर चढत.

फ्रोसिना दुपारी टपरी लेकीवर, ओब्दुलियावर सोपवून वर जाऊन बसायची. बाहेर ओरिसाबाची नेहमीची झिमझिम, आत टर्पेंटाइनचा वास. बसून काम होतं हेच तिला आधी पटत नव्हतं. पहिलं कच्चं चित्र झालं तेव्हा ती उठून समोर गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मास्तर, मी हिरवी कधी झाले?"

"सावलीत आहात तुम्ही. सावली हिरवी असते."

"आणि हे नाक?"

"नाक तुमचंच."

"हो, ते दिसतंय," ती म्हणाली. "नाकाबाबत तेवढी मुरवत दाखवायला हरकत नव्हती."

तरी तिला ते आवडलं होतं. चित्रातली बाई थकलेली होती, पण कुणाला घाबरत नव्हती. घरी जाऊन तिने आरशात पाहिलं. आरशातली तेवढी बरी वाटली नाही.

ती भिंतीच्या मधोमध येणार होती. तिने दोन्ही हातांनी कापडाचा लांबलचक पट्टा वर उचललेला असेल आणि तो नदीसारखा वाहत अख्ख्या भिंतीवरून जाईल, असं मास्तरांच्या मनात होतं. गाडी अडली ती हातांपाशी. त्यांनी फ्रोसिनाला चादर उचलून उभं केलं, बाह्या वर करायला लावल्या, पुन्हा पुन्हा काढलं आणि पुन्हा पुन्हा पुसलं.

"हात नाहीत तुमचे," शेवटी ते म्हणाले.

"मग रोज पाव काय पायाने भरते मी?"

"तसं नाही हो. पाव भरणारे हात आहेत हे. ओझं उचलणारे हवेत."

फ्रोसिनाने बाह्या खाली केल्या. त्या दिवशी तिने मास्तरांच्या पावात मिरची जरा सढळ हाताने घातली.

संघटनेचा चिटणीस तिबुर्सियो दर संध्याकाळी वर येऊन नव्या फळ्या तपासायचा. तो काही कोत्या मनाचा माणूस नव्हता. संपात त्याचा भाऊ तुरुंगात गेला आणि तिथून जो खोकला घेऊन आला त्यातून उठला नाही. मास्तर आले त्याच दिवशी तिबुर्सियोने त्यांना सांगून ठेवलं होतं, "गावातलं कुणाचंही तोंड घ्या. फक्त मागच्या दाराचं कुणी नको."

मागच्या दाराचे म्हणजे संप चालू असताना सैनिकांच्या पहाऱ्यात गिरणीच्या मागच्या फाटकाने कामावर गेलेले. संपाला आता एक तप उलटून गेलं होतं. त्यातले बरेच जण पुढे इतरांच्या शेजारच्याच मागांवर उभे राहिले, काही म्हातारे झाले, काही गेले. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, बायकामुलांनासुद्धा. मास्तर परगावचे. त्यांनी मान हलवली खरी, पण कोण कुठल्या दाराचं हे त्यांना कसं कळणार?

मग एक दिवस फ्रोसिना वर गेली तर खिडकीजवळ नवी फळी टांगलेली होती. तिच्यावर नुसते दोन हात होते. कोपरापर्यंत ओले, लालसर, ओल्या कापडाचं ओझं खांद्याच्या उंचीवर तोलून धरलेले.

"सापडले," मास्तर हात चोळत म्हणाले. "नदीवर, धुण्याच्या घाटावर. ती बाई तोंड दाखवायला काही तयार होईना. म्हणाली, हात हवे तर घ्या, तोंडाचं नाव काढू नका. शाल पार नाकाखाली ओढून उभी राहिली."

फ्रोसिना फळीजवळ सरकली. डाव्या मनगटाचं हाड बाहेरच्या बाजूला किंचित वर आलं होतं. ते मनगट तिने एकदा स्वतःच्या शालीने बांधलं होतं. ती आणि चेन्चा तेव्हा पोरसवदा होत्या, गिरणीच्या धाग्याच्या खात्यात एकमेकींसमोर उभ्या असायच्या. चेन्चाचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला तेव्हा मुकादम यायच्या आत फ्रोसिनाने तिला हाड बसवणाऱ्या म्हातारीकडे पळवत नेलं होतं. पुढे चेन्चाला मुलगा झाला, तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरून धर्ममाय म्हणून फ्रोसिनाच उभी राहिली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. सख्ख्या बहिणींपेक्षा ते नातं जवळचं.

आणि संपात चेन्चाचा नवरा मागच्या दाराने गेला. लुसियोने, फ्रोसिनाच्या नवऱ्याने, त्यांच्या उंबऱ्यावर थुंकून यापुढे तिकडे पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. ते फ्रोसिनाने पाळलं. लुसियो छातीच्या दुखण्याने गेला, चेन्चाचा नवराही गेला, तरी पाळणं चालूच राहिलं. बाजारात समोरासमोर आल्या तर दोघींपैकी एकीला अचानक टोमॅटोत फार रस वाटू लागायचा.

"कशी वाटते?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी आणखी एक छोटी फळी पुढे केली. तिच्यावर फ्रोसिनाचं तोंड आणि ते हात एकाच अंगाला जोडलेले होते.

"बघते," म्हणून ती खाली उतरली.

घरी तिने भांडी अशी काही आपटली की ओब्दुलिया चुलीपासून लांब जाऊन बसली.

"काय झालं, आई?"

"माझं तोंड चेन्चाच्या खांद्यावर बसवलंय."

ओब्दुलियाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि आईचं तोंड बघून ते तिने शालीत लपवलं.

"तिबुर्सियोकाकांना सांग मग. ते काढायला लावतील."

"सांगणारच आहे."

दुसऱ्या दिवशी ती तेच ठरवून वर चढली. तिबुर्सियो त्याच फळीपुढे टोपी हातात धरून उभा होता.

"बघ फ्रोसिना," तो म्हणाला, "हे काम केलेले हात. कुणाचे आहेत देव जाणे, पण आपल्यातलीच कुणीतरी असणार. असे हात मागच्या दाराने जात नाहीत."

फ्रोसिना सांगायला पुढे झाली. सांगायचं एवढंसं वाक्य होतं. पण नेमकी तेव्हाच तिची नजर जोडलेल्या फळीवर गेली. ती बाई ओझं घेऊन उभी होती, आणि ओझं तिला जड होत नव्हतं. तिच्या एकटीच्या चित्रात हे नव्हतं. तिला त्याचा राग आला, आणि चित्र आवडलं याचा आणखीच राग आला.

"मिरच्या भाजायला टाकल्यात," ती म्हणाली आणि खाली आली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर ती घरी न जाता नदीकडे वळली. आपण कशाला चाललोय हे तिला धड सांगता आलं नसतं. घाटावर त्या वेळी कुणी नसायचं. चेन्चा एकटीच होती, हॉटेलाच्या चादरींचा ढीग दगडी कुंडीपाशी टाकून. तिने वर पाहिलं आणि पुन्हा साबण घासायला लागली.

"वाट चुकलीस का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग बाजार तिकडे आहे. टोमॅटो तिकडे मिळतात."

फ्रोसिना कुंडीच्या काठावर बसली. "मास्तर तुझे हात घेऊन गेले."

"गेले. मी तोंड दिलं नाही. तुमच्या इमारतीत माझं तोंड चालायचं नाही, एवढं कळतं मला."

"त्या हातांवर तोंड माझं लावलंय."

चेन्चाचा साबण थांबला. तिने पहिल्यांदा नीट वर पाहिलं.

"तुझं?"

"माझं."

"अरे देवा," चेन्चा सावकाश म्हणाली. "बिचारे माझे हात."

फ्रोसिनाला हसू आलं, ते तिने खाली मान घालून गिळलं. चेन्चाने चादर पाण्यातून ओढली. मोठी, दोघांच्या पलंगाची चादर, पाण्याने जड झालेली. ती एकटीनेच पिळायची म्हणून एक टोक तिथल्या लोखंडी कडीत अडकवायला वाकली. फ्रोसिनाने मध्येच ते टोक हातात घेतलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून उलटसुलट पिळू लागल्या, आणि दगडांवर पाणी गळू लागलं.

"तुला माहीत होतं," पिळता पिळता चेन्चा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पोराला इंजेक्शनं हवी होती. तुझ्या मांडीवर तापाने फणफणत होता तो."

"माहीत होतं."

"नवरा काही हौसेने गेला नव्हता."

"ते पण माहीत होतं."

"मग तू आली का नाहीस? आमच्या बाजूने बोलायला नको, नुसतं यायला. मागच्या दाराने आली असतीस. आमच्याकडे होतंच ते, सगळं गाव म्हणत होतं."

फ्रोसिनाने पीळ घट्ट धरून ठेवला. "लुसियो होता. आणि नंतर तो नव्हता, तेव्हा इतकी वर्षं न येऊन आता कसं जायचं, असं झालं. तू पण त्याच्या मयताला आली नाहीस."

"आले होते. चर्चच्या बाहेर उभी होते. पावसात."

हे फ्रोसिनाला ठाऊक नव्हतं. तिने चादरीकडे पाहिलं. पाणी निथळायचं थांबलं होतं तरी दोघींनी टोकं सोडली नव्हती.

"फाडशील हॉटेलची चादर," चेन्चा म्हणाली. "टाक त्या दोरीवर. आणि पुढची घे, आलीच आहेस तर."

ढीग संपेपर्यंत फ्रोसिना तिथेच होती. मुलाबद्दल तिने विचारलं. तो पुएब्लात बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता, लग्न ठरलं होतं. पत्रात धर्ममायची चौकशी करतो म्हणाली चेन्चा. फ्रोसिनाचे हात दुसऱ्या दिवशी इतके दुखले की पाव कापायला ओब्दुलियाला बसवावं लागलं.

बोभाटा व्हायचा तो झालाच. संघटनेच्या समितीने सगळी कच्ची चित्रं बघायला लोकांना बोलावलं, आणि धाग्याच्या खात्यातली एक म्हातारी फळीजवळ जाऊन चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हे तर चेन्चाचं मनगट. मीच होते तिथे, मोडलं तेव्हा." खोलीत कुजबुज सुरू झाली. मास्तर ब्रश हातात घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. तिबुर्सियो खाली उतरला.

तो टपरीवर आला तेव्हा गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बाकावर बसला. फ्रोसिनाने न विचारता त्याच्यापुढे पाव ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तू गप्प बसलीस. लुसियोची बायको."

"लुसियोची विधवा," ती म्हणाली. "त्याची बायको असताना मी बरंच गप्प बसले, तिबुर्सियो. आता जरा वेगळ्या कारणासाठी बसले."

"माझा भाऊ गेला त्यात."

"ठाऊक आहे. त्याचं तोंड भिंतीवर येणार आहे आणि ते आलंच पाहिजे. मी त्याला ओळखत होते, तू मला सांगू नकोस." तिने हात पुसले. "पण ते मनगट आपल्याच गिरणीत मोडलंय. मालकाने दमडी दिली नाही, उलट अर्धा दिवस कापला. पुढच्याच आठवड्यात ती एका हाताने परत कामावर होती. तो संप केला कशासाठी होता आपण? असल्याच मनगटांसाठी ना?"

तिबुर्सियोने पावाचा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"हात बदलायला सांगतो मास्तरांना," तो म्हणाला, पण ते विचारल्यासारखं होतं.

"सांग. मग तोंडही बदलायला सांग. मी काही दुसऱ्या कुणाच्या हातांवर बसणार नाही. तुझंच लाव तिथे, मिशा काढून."

तो हसला नाही. पण पाव संपवला, टोपी घातली, आणि उठताना म्हणाला, "हातांना नाव नसतं. कुणी विचारलं तर मी नाव विचारलं नव्हतं, एवढंच सांगेन."

"तेवढं पुरे."

"उद्घाटनाला ती येणार?"

"माझ्या शेजारी बसेल."

तिबुर्सियो पावसात चालू लागला. त्याला हे सोपं गेलं नाही, हे फ्रोसिनाला त्याच्या पाठीवरून दिसत होतं. त्या महिन्यात तो टपरीवर जरा कमीच आला. मग पुन्हा येऊ लागला.

भिंतीचं काम सुरू झालं ते कोरड्या दिवसांत. गवंडी रोज सकाळी भिंतीच्या एका तुकड्याला ओला चुना लावायचा आणि तो सुकायच्या आत मास्तर तेवढंच रंगवायचे. कच्ची चित्रं आता वरच्या खोलीतून खाली आली होती, परांचीच्या बांबूंना टांगलेली, चुन्याचे शिंतोडे अंगावर घेत. हातांची पाळी आली त्या दिवशी फ्रोसिना चेन्चाला घेऊन आली. चेन्चा संघटनेच्या दारात क्षणभर थबकली, शाल सारखी केली, आणि पुढच्या दाराने आत आली. जिन्याच्या पायऱ्यांवर दोघी शेजारी बसल्या.

भिंतीवरची बाई घराएवढी होती. तिबुर्सियोचा भाऊ तिच्या उजवीकडे होता, मागे माग, वर डोंगर. सगळे एकमेकांत मिसळून गेले होते, कुणाचा खांदा कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो हे सांगता येत नव्हतं. फ्रोसिनाला मात्र कच्ची चित्रं जास्त आवडायची. तिथे प्रत्येक जण आपापला होता, हिरव्या सावलीसकट. तिने ते मास्तरांना सांगितलं तेव्हा ते वरून म्हणाले, मला पण, पण समितीला सांगू नका.

"कोपर जाड काढताय," चेन्चाने खालून आवाज दिला.

"लांबून बघायचं असतं ते," मास्तर वरून म्हणाले.

"मी लांबूनच बघतेय."

फ्रोसिनाने कापडात बांधून आणलेले पाव सोडले. इतक्यात पाळी सुटली आणि विणकरांची रीघ जिन्यावर लागली. तिबुर्सियो त्यांच्या पुढे होता. दोघींपाशी येऊन तो थांबला, आधी भिंतीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"सरका जरा, बायांनो," तो म्हणाला. "लोकांना जाऊ द्या."

चेन्चा भिंतीच्या बाजूला सरकली, फ्रोसिना तिला चिकटून सरकली. लोक जाऊ लागले. काही जण हातांकडे बघत, काही चेन्चाकडे, बरेचसे पावांकडे. चेन्चाने पहिला घास घेतला, चावला, विचार केला.

"घेवड्यात मीठ कमी पडलंय."

"इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नाही तसं."

"म्हणणारी नव्हती ना कुणी," चेन्चा म्हणाली आणि दुसरा घास घेतला.